तेहतीस, तेहतीस, चौतीस

गंज पेठेत, आतल्या गल्लीत
सफूराबी पिंजारींची गिरणी आहे.
पाटी नाही. आवाजावरून सापडते.
दारात डबे रांगेत उभे, माणसांपेक्षा शिस्तीत,
प्रत्येकावर चिठ्ठी: बारीक, जाड, भाकरीचं.
सोमवारी फक्त उपवासाचं;
त्याआधी मूठभर राजगिरा घालून
दगड साफ करून घेतात, पदरच्या खर्चानं.

गुरुवारी दुपारी लाईट गेली.
पट्टा सवयीनं आणखी थोडा फिरला,
मग पिठाची धूळ खाली बसू लागली
आणि आम्हा दोघींना एकमेकींचे आवाज ऐकू आले,
सहा वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच.

मी विचारलं, एखादा पोरगा का नाही ठेवत कामाला?
त्यांचा उजवा खांदा पोत्यांनी खाली गेलाय,
तराजूचं एक पारडं जावं तसा.
त्या हसल्या. भुवयांवरचं पीठ हललं.
म्हणाल्या, माणूस तर बीबी फातिमांनीही मागितला होता.

आणि सांगू लागल्या,
जणू पलीकडच्या घोरपडे पेठेतली गोष्ट:
घरात जातं. ओढून ओढून तळहातांना घट्टे.
पखालीच्या पट्ट्यानं मानेवर वळ.
चुलीपुढे बसून कपडे धुरकटलेले.
नवरा अली, तेही पाणी शेंदून शेंदून छाती धरून बसलेले.
कानावर आलं, वडिलांकडे कामाला माणसं आलीत.
बीबी गेल्या. वडील घरात नव्हते.
बीबी आयेशांपाशी निरोप ठेवून परतल्या.

रात्री अंथरुणं पडल्यावर वडील आले.
दोघं उठू लागली, तर म्हणाले, पडून राहा,
आणि दोघांच्या मधे बसले.
अली पुढे सांगत, त्यांच्या पावलांचा गारवा
माझ्या छातीला लागला.

आणि माणूस?

माणूस नाही दिला.
मशिदीच्या ओट्यावर झोपणारे साथी होते,
घर नाही, दार नाही, रात्रीच्या घासाची खात्री नाही.
त्यांची पोटं पाठीला लागलेली असताना
तुम्हाला कसं देऊ, म्हणाले.
दिले ते शब्द. निजताना म्हणायचे.
तेहतीस वेळा सुबहानल्लाह,
तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह,
चौतीस वेळा अल्लाहु अकबर.
नोकरापेक्षा हे बरं, म्हणाले.

सफूराबी थांबल्या. पायरी पदरानं झटकली.
लहानपणी ऐकलं की मला रुसवा यायचा.
राग नाही हं, राग कसा येईल. रुसवा.
शब्दांनी का जातं फिरतं?
माझ्या वडिलांनीही मला गिरणी दिली, माणूस नाही.
पण ते बिचारे काही बोललेसुद्धा नाहीत.

मग?

मग काय. खांदा दुखतोच.
पण अली म्हणत, ते शब्द एका रात्रीही चुकले नाहीत.
कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीही?
त्या रात्रीही.

एवढं बोलून गप्प झाल्या.
अंगठा बोटांच्या पेरांवरून चढत होता, उतरत होता,
पेराच्या भेगेत पीठ,
दर भेगेशी किंचित अडत, पुढे जात.

साडेचारला लाईट आली.
पट्टा फडफडला, माझी ज्वारी दगडांत उतरली,
त्या ओरडून काहीतरी म्हणाल्या.
बहुतेक, सुट्टे द्या.

डबा छातीशी धरून फुलवाला चौकापर्यंत आले.
पीठ गरम होतं, पोळेल इतकं,
आणि मला सारखा तो गारवा आठवत राहिला
जो मला कधी लागलाच नव्हता.

घरी येऊन मोजलं: एका हाताला चौदा पेरं.
तेहतिसाचा हिशेब काही बसेना.
पुढच्या गुरुवारी, लाईट गेल्यावर,
विचारायला हवं.